टिकलीच्या पुढं

"ही आमची सुजाता हाय व्हय?"

त्या मावशींनी पाकीट काउंटरवर ठेवलं नाही, टाकलं. आतले सहाच्या सहा फोटो बाहेर सांडले. स्थळांना पाठवायचे फोटो होते ते. निळी साडी, हातात आमच्या स्टुडिओतला प्लास्टिकचा गुलाब, मान जराशी तिरकी. आणि खरं सांगते, बघून मलाच कसंतरी झालं. म्हणजे सुजाता ओळखू येत होती, पण लाईट गेल्यावर घरातलं माणूस ओळखू येतं ना, तशी.

"पोरगी सावळी हाय आमची, मान्य हाय," मावशी म्हणाल्या. "पर ही काय धुराड्यातनं काढलीय व्हय? हे बघून कोण येणार हाय चहा-पोह्याला?"

मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडायला फार काही लागत नाही, तुम्हाला माहितीच आहे. पण पडद्याच्या आतून अण्णा म्हणाले, "रेडिओ, तू जरा बंद."

रेडिओ म्हणजे मी. रेणुका हे नाव गावात फक्त माझी आई घ्यायची, तेपण चिडल्यावर.

अण्णा बाहेर आले. चन्नाप्पा कोरे, महानंदा फोटो स्टुडिओ, गडहिंग्लज. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, आणि चालताना एक हात कायम टेबलाच्या कडेला. मला वाटायचं ही त्यांची ऐट आहे, आपल्या दुकानाला हात लावत चालायची.

"ताई, शाईचा घोळ झालाय," ते म्हणाले. "दसरा झाला की या. नवीन काढून देतो."

"मागल्या टायमाला बी शाईच म्हणाला होता." मावशींनी फोटो गोळा केले. "काकी होत्या तवा असं न्हवतं."

त्या गेल्या. अण्णा तिथंच उभे राहिले, रिकाम्या काउंटरवरनं हात फिरवत. मग म्हणाले, "एक फोटो ऱ्हायलाय का गं खाली?" राहिला होता, त्यांच्या पायापाशीच पडला होता. मी उचलून दिला. मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही, बघा.

आता काकी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महानंदाकाकी म्हणजे अण्णांची बायको. मी स्टुडिओत लागले त्याच्या चारच महिने आधी त्या गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय, पण दुकानात सगळं चालायचं ते त्यांच्याच नियमानं. झालं होतं असं, की रोलचे कॅमेरे गेले, कॉम्प्युटर आला, आणि अण्णा घाबरले. माउसला हात लावेनात. मग काकी पंचेचाळिसाव्या वर्षी क्लासला गेल्या. कॉलेजच्या पोरींच्या शेजारी बसून फोटोचं काम शिकल्या आणि घरी येऊन अण्णांना शिकवलं.

आणि पहिल्याच महिन्यात त्यांना हाच त्रास झाला होता. स्क्रीनवर फोटो मस्त दिसायचा, छापला की काळा. सगळे म्हणाले प्रिंटर बदला. काकींनी काय केलं, अण्णांकडनं स्वतःचा पासपोर्ट फोटो काढून घेतला, तो छापला, कागद मॉनिटरच्या शेजारी धरला, आणि मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण तसू तसू फिरवत बसल्या. जुना डबडा मॉनिटर होता, खाली गोल बटण, त्याच्यावर एक पांढरी रेघ. स्क्रीनवरच्या काकी आणि कागदावरच्या काकी सारख्या दिसेपर्यंत फिरवलं. आठवडा गेला त्यात. जमलं तेव्हा त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि पांढरी रेघ जिथं थांबली होती, बरोबर तिथं फ्रेमवर चिकटवली.

"टिकलीच्या पुढं जायचं न्हाई." मी कामाला लागले त्या दिवशी अण्णांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. सुट्टी कधी, चहा किती वाजता, हे सगळं नंतर. "पुढं गेलं की डोळ्याला बरं वाटतंय, पर स्क्रीन लबाड बोलाय लागती. हे तिचं वाक्य हाय. माझं न्हवं."

तो पासपोर्ट फोटो पण कॉम्प्युटरात होता. अण्णा रोज सकाळी देवाला उदबत्ती ओवाळून झाली की तो उघडायचे, दोन मिनिटं समोर बसायचे, मग बंद. पासपोर्ट फोटोत तसं कुणीच हसत नाही, पण काकी तर अशा बघत होत्या की आत्ता उठून ओरडतील. "चपात्या करत होती," अण्णा सांगायचे. "तव्यावरनं उठवून आणली. म्हणाली, काय ते लौकर काढा, करपतीय तिकडं."

तर, फोटो काढायचे अण्णा, आणि स्क्रीनवर रंग बघायचा, छापायचं, कापायचं ते मी. आधी सगळं तेच करायचे. मग हळूहळू मला द्यायला लागले. कंबर धरलीय म्हणाले, तूच बस. मला काय, आनंदच झाला. फक्त एक होतं, की त्या स्क्रीनवर मला सगळे चेहरे पिठात लोळवल्यासारखे दिसायचे. म्हणून मी ते जरा गडद करायचे आणि छापायचे. आणि छापलं की काळं.

"अण्णा, स्क्रीन लई लख्ख वाटतीय हो मला. डोळे चुरचुरतात."

"टिकली बघ. टिकलीवर हाय न्हवं?"

मी वाकून बघायचे. पांढरी रेघ बरोबर टिकलीवर असायची. मरून रंगाची टिकली, छोटी, काकी लावायच्या तसली. तिचा गोंद सुटला की अण्णा नवी लावायचे. काकींचं टिकल्यांचं पाकीटच ठेवलेलं होतं ड्रॉवरमध्ये.

"टिकलीवरच आहे."

"मग स्क्रीनचा दोष न्हाई. शाईच."

शाई बदलून झाली होती. कागद बदलून झाला होता. कोल्हापूरहून मेकॅनिक आला, प्रिंटर उघडून बघितला आणि म्हणाला, मशीन एक नंबर आहे, दुसरीकडं शोधा. दुसरीकडं म्हणजे कुठं? आणि ह्या सगळ्याला घाई होती, कारण बसूदादा.

बसूदादा म्हणजे अण्णांचा मुलगा, बसवराज, पुण्यात कंपनीत. चांगला माणूस हं, उगाच तुमच्या मनात काही यायला नको. काकी गेल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, अण्णा, एकटे राहू नका, माझ्याकडं चला. अण्णांचं एकच, मी स्टुडिओ सोडून येणार नाही. "तिथं चौथ्या मजल्यावर बसून काय करू? इथं तिनं लावलेलं सगळं हाय." शेवटी दोघांचं ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. दुकान नीट चाललं तर अण्णा राहतील. नाही चाललं तर बंद करून पुण्याला. मला हे कसं माहिती, तर अण्णा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचे. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आणि दसरा आला पाच दिवसांवर, आणि गिऱ्हाईक पाकिटं परत आणून टाकतंय.

मी ते एवढं मनावर घेतलं होतं ना, की जेवताना पण तेच. आई म्हणायची, अगं तुझं दुकान आहे का ते? पण मला अण्णांना पुण्याला जाऊ द्यायचंच नव्हतं. बारावीत नापास झाल्यावर अख्ख्या गावात एकाही माणसानं मला विचारलं नव्हतं की आता पुढं काय. अण्णांनी फक्त म्हटलं होतं, "बोलतीस लई. दुकानात आवाज नाही हल्ली. ये उद्यापासनं."

खंडेनवमीला सकाळी आम्ही दुकान धुवायला काढलं. दरवर्षीसारखं सगळं. कॅमेरे, स्टँड, छत्रीचे लाईट, कटर, सगळं पुसून एका सतरंजीवर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. बसूदादा आदल्या दिवशीच आला होता. तो जुनी कपाटं आवरत होता आणि मला कळत होतं की तो नुसतं आवरत नाहीये, काय ठेवायचं न् काय टाकायचं ते बघतोय.

"रेणुका, ही सुजाता कोण? मागं नाव लिहिलेला काळा फोटो पडलाय टेबलावर," तो म्हणाला.

"शाईचं आहे ते दादा, होणार आहे नीट."

"किती महिने झाले, अण्णा?"

अण्णा माळ ओवत होते. "होतंय नीट," ते म्हणाले.

मी मॉनिटर पुसायला घेतला. असा वरवर पुसून उपयोग नव्हता, दिवाळीपासनंची धूळ आणि उदबत्तीचा चिकटा बसलेला होता. म्हणून फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि बटणाच्या भोवतीनं घासायला लागले. टिकलीला धक्का न लावता, हळू. काळं निघालं, खालचं पिवळट प्लास्टिक दिसायला लागलं. आणि मग फडकं अडखळायला लागलं.

टिकलीच्या डाव्या बाजूला एक चिकट गोल डाग. टिकलीएवढाच. म्हटलं जुन्या टिकलीचा गोंद असेल. त्याच्या डावीकडं आणखी एक. मग आणखी एक. बटणाच्या कडेनं घड्याळातल्या आकड्यांसारखे, सारख्या अंतरावर. मी मोजले. सात. पहिला डाग पार डावीकडं खाली, आणि आत्ताची टिकली पार उजवीकडं. त्याच्या पुढं बटण जेमतेम एक घर फिरत होतं.

 मी कॉम्प्युटर चालू केला, सुजाताचा मी गडद करून छापलेला फोटो उघडला आणि बटण फिरवत फिरवत मागं नेलं, पहिल्या डागावर. स्क्रीन उतरली. आणि आत्तापर्यंत बरी दिसणारी सुजाता जी काळवंडली ना, ती आणि टेबलावरचा तो काळा फोटो, शेजारी शेजारी धरले तर डिट्टो. जुळ्या.

मी ओरडलेच. "अण्णा, सापडलं. दादा, इकडं या, सापडलं. शाई नाही न् काही नाही, टिकली सरकलीय. सात वेळा सरकलीय, हे बघा डाग. स्क्रीन खोटं दाखवत होती आणि मी उगाच फोटो काळे करत होते. काकींची टिकली इथं होती, इथं, पार इकडं."

बसूदादा हातातलं टाकून आला. वाकून डाग बघितले, बोटानं एकेक. अण्णा जागेवरनं हलले नाहीत. झेंडूचं एक फूल त्यांच्या बोटांत होतं आणि सुई फुलाच्या बाहेरनंच जात होती.

"नवीन टिकली लावताना चुकून सरकली असेल," मी म्हटलं. माझं चालूच होतं. "आता बघा, काळ्या फोटोचा प्रश्नच मिटला. आजपासून सगळे फोटो बरोबर येणार. दादा, आता अण्णांना जायची गरज नाही ना? अण्णा, तुम्ही या इकडं, बसा, बघा तरी."

मी त्यांना हात धरून आणलं. खुर्चीत बसवलं. मी, मीच. आणि मनात म्हटलं, खात्री करायची तर काकींनी केली तशीच करू. सुजाता बंद केली आणि काकींचा पासपोर्ट फोटो उघडला. मोठा, स्क्रीनभर. बटण काकींच्या पहिल्या डागावर. काकी सरळ अण्णांकडं बघत होत्या, चपात्या करपतायत अशा.

"बघा," मी म्हटलं. "आला का नाही बरोबर?"

अण्णा पुढं वाकले. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"हां," ते म्हणाले. "आत्ता सुजाता सुजातासारखी दिसतीय."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी झेंडूचा भाव करत होतं, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

माझं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातनं काही निघालं नाही. बसूदादानं स्क्रीनकडं बघितलं, मग अण्णांकडं. तो खाली बसला, खुर्चीच्या शेजारी, जमिनीवर, आणि अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "कधीपासनं?"

अण्णांना कळलं. काय चुकलं ते कळलं नाही, पण चुकलं हे कळलं. ते स्क्रीनकडंच तोंड करून म्हणाले, "कुणाचा हाय?"

 मग बसूदादा म्हणाला, "आईचा."

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. दीड वर्षापूर्वी ते एकटेच एसटीनं जाऊन डॉक्टरला दाखवून आले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंब घालत राहा, पण गेलेलं परत येणार नाही. कुणाला बोलले नव्हते. त्यानंतरचं सगळं अंदाजानं. टेबलाची कड, गिऱ्हाइकाचा आवाज, फोनचा स्पीकर. आणि समोर बसायला मी. दीड वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून बोलत होते हो. बोलतच होते.

मला वाटलं होतं मी स्टुडिओ वाचवला.

बसूदादा रागावला नाही. तेच वाईट. रागावला असता तर अण्णा भांडले असते. त्यानं दसऱ्याच्या दिवशी सोनं दिलं, पाया पडला आणि म्हणाला, "परवा निघू." अण्णा "बरं" म्हणाले. बास, तेवढंच.

कॅमेरे निपाणीच्या एका फोटोवाल्यानं नेले. सुजाताचे फोटो मात्र मी त्यांच्या निघायच्या आदल्या दिवशी नव्यानं छापले, पहिल्या डागावर बटण ठेवून, आणि घरी नेऊन दिले. मावशी उजेडात धरून बघत म्हणाल्या, "बघ, आली का न्हाई. इतके दिस काय झालं होतं?" मी म्हटलं, शाई.

निघायच्या दिवशी दुपारी बसूदादा गाडी बघायला गेला होता. दुकानात आम्ही दोघंच. सगळं बांधून झालेलं, फक्त कॉम्प्युटर राहिला होता, तो काय कुणी घेत नव्हतं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, आणि गंमत बघा, बघितलं असतं तरी त्यांना कळणार नव्हतं.

"रेडिओ," अण्णा म्हणाले. "हायस न्हवं?"

"आहे."

"मग बंद का?"

मी मग एकदम रडायलाच लागले. म्हटलं, अण्णा, मी बोलायला नको होतं. मी आधी तुम्हाला एकट्याला विचारायला पाहिजे होतं.

"विचारली असतीस तर मी शाई म्हणालो असतो," ते म्हणाले. थोडे हसले. मग खिशातनं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि अंगठ्यानं चाचपत बसले. "आदी आदी बटणच फिरवावं वाटायचं. समोर बसायचो सकाळी, ती दिसायची न्हाई नीट. धुक्यात उभी ऱ्हायल्यागत. जरा फिरवलं की दिसंल असं वाटायचं. पर तिनं सांगितलेलं, टिकलीच्या पुढं जायचं न्हाई. आता ती न्हाई म्हणून काय तिचं मोडायचं?"

"मग?"

"मग मी टिकलीलाच संगं घेतली." ते म्हणाले. "दोन-अडीच म्हैने झाले की एक घर. पर टिकलीच्या पुढं गेलो न्हाई गं मी. एक दिस न्हाई गेलो."

मी नाक पुसलं.

"लोकांचे फोटो काळे यायला लागले तवा कळलं होतं मला," अण्णा म्हणाले. "म्हटलं आज मागं सरकवू, उद्या सरकवू. पर मागं सरकवली की ती जायची." जरा वेळानं ते म्हणाले, "चालू कर ते. लाव तिला."

मी कॉम्प्युटर चालू केला. तो जुना मॉनिटर तापायला वेळ घ्यायचा, मग आधी आवाज यायचा आणि मग हळूहळू उजेड. मी काकींचा फोटो उघडला. मोठा केला. अण्णा खुर्ची ओढून बसले, इतक्या जवळ की नाक काचेला लागेल.

"आता बटण फिरव. टिकलीच्या पुढं. शेवटपातूर."

"अण्णा..."

"फिरव. मी सांगतोय न्हवं. तिला काय सांगायचं ते मी बघतो."

मी फिरवलं. टिकलीच्या पुढं, ते शेवटचं एक घर, कट्ट वाजून बटण थांबेपर्यंत. स्क्रीन अशी पेटली की माझे डोळे मिटले. किलकिले करून बघितलं तर मलासुद्धा काकी नीट दिसेनात. सगळं पांढरं, त्यात दोन भुवया आणि केसांची कड, बास. तो पांढरा उजेड अण्णांच्या तोंडावर पडला होता, विभूतीच्या रेघांवर पडला होता, आणि ते बघत होते. स्क्रीनकडं नाही. स्क्रीनच्या जरा डावीकडं.

"दिसली?" मी विचारलं.

 अण्णांचा चेहरा सैल झाला.

"दिसली," ते म्हणाले. "हसतीय बघ."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बसूदादानं हाक मारली.

मी काकींकडं बघितलं, आणि अण्णांकडं.

"हो अण्णा," मी म्हटलं. "हसतायत."